टेकवल्यानंतरचं हसू

"ह्या तुम्हीच ना?" त्या माणसानं विचारलं आणि मोबाइल तिच्या तोंडापुढं धरला.

अपेक्षा तेव्हा वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर कुणा नेत्याच्या कपाळावरचा घाम पुसत होती. म्हणजे स्क्रीनवर, माउसनं. शिरूरच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात तिचं टेबल रस्त्याच्या अगदी कडेला होतं, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी तिच्या डोक्यावरून वाकून विचारायचं, झालं का, कधी होईल, आमच्या साहेबांना जरा उजळ करा. आवाज वरून यायचे आणि ती वर न बघताच उत्तरं द्यायची. हा आवाज समोरून आला. तिनं मान वर केली आणि मग थोडी खाली आणली, कारण माणूस तिच्याच उंचीवर होता. व्हीलचेअरमध्ये बसलेला, चाळिशीतला, रंगारी वापरतात तसा जुना चौकड्यांचा शर्ट, खांदे रुंद आणि त्या खांद्यांखाली पाय एखाद्याचं सामान सांभाळायला ठेवावं तसे ठेवलेले. मोबाइलवर नकाशा होता. रस्ते पांढरे, घोडनदीची निळी रेघ, आणि सरकारी सुविधा भवनाच्या जागी हिरवी खूण. खुणेखाली लिहिलं होतं, 'व्हीलचेअरने सहज प्रवेश'. त्याखाली फोटो. फोटोत ती होती. अबोली रंगाचा ड्रेस, हसरा चेहरा, अंगठा वर.

"मीच," ती म्हणाली.

"मग मला सांगा, तुम्ही वर कशा गेलात?"

त्याचं नाव म्हाळू. केंदूरहून आला होता, मेव्हण्याच्या पिकअपमध्ये मागं बसून, खुर्ची दोरीनं बांधून. तो बोलत होता तेव्हा आवाज चढत नव्हता, त्यामुळेच दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं गप्प झाली. "परांचीवरनं पडल्यापासनं मी घराच्या भाईर पडलो न्हाई, ताई. पडायचंच न्हाई असं ठरवलं व्हतं. पुतणीनं हे दाखवलं. म्हणली, काका, बघा तर, ही बाई कशी हसतीय. हिला जमतंय, मग तुम्हाला का न्हाई? तुमच्या तोंडाकडं बघून आलो मी. आन् हितं बघतो तर तो रॅम्प हाय का भिताड? मेव्हणा मागनं ढकलतोय, खुर्ची मागं येतीय, त्याच्याच अंगावर. दोघंतिघं लागले तवा वर पोचलो, तर वरच्या जाळीला कुलूप. वॉचमन म्हणतो, चावी साहेबाकडं, साहेब मीटिंगला. मग परत खाली येऊन पायऱ्यांनी गेलो. बसून. हातावर. लोकं पाय वाचवून बाजूनं जात व्हती. दाखल्याची तपासणी कुठं, तर पहिल्या मजल्यावर. तिथला संडास पण हिरवा दाखवलाय ह्यात. त्याच्या दारातनं खुर्ची जात न्हाई, आन् खुर्ची तर खालीच राहिली व्हती. पँट वली झाली, ताई. सगळ्यांच्या म्होरं." दुकानाच्या मागच्या बाजूला प्रिंटर कुणाचा तरी हसरा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर टाकत होता. "राग न्हाई असं म्हणायला आलोय, असं समजू नका. राग हाय. तुमच्यावर हाय."

माझी काय चूक, हे तिच्या तोंडाशी आलं होतं आणि ते खरंही होतं. पण तिला तो फोटो पुन्हा बघायचा होता. तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला. सहा-सात महिन्यांपूर्वीचं ते उद्घाटन. पुण्याहून ऋतिका मॅडम आल्या होत्या, ज्यांची संस्था गावोगावच्या इमारती, बँका, दवाखाने नकाशावर टाकत होती. कुठं रॅम्प, कुठं लिफ्ट, कुठं नुसती पायरी. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या दिव्यांगांची तपासणी सुविधा भवनात होणार म्हणून पहिली खूण त्याची. शिरूरमध्ये व्हीलचेअरवरची शिकलेली बाई म्हणून त्यांनी तिला शोधून काढलं होतं, आणि तिला ते आवडलं होतं, हे कशाला नाकारा. नकाशा ही गोष्टच तिला आवडली होती. घरातून निघण्याआधी पुढचं कळणं. ज्याला पाय आहेत त्याला यातलं काही समजणार नाही. तो निघतो आणि पोचतो. तिला निघण्याआधी सगळा रस्ता डोक्यात एकदा चालावा लागतो, कुठं गटाराचं झाकण वर आलंय, कुठं मोटारसायकली आडव्या लावतात, कुठं भाजीवाली सरकेल आणि कुठं दुकानदार सरकणार नाही. ते सगळं कुणीतरी खरं खरं लिहून ठेवणार असेल तर तिनं त्यांच्यासाठी काहीही केलं असतं. अंगठा तर कुणीही दाखवेल.

पण त्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशी तिची खुर्ची अडली होती. चाकांना हात लावला, जोर केला, खुर्ची वीतभर चढली आणि परत आली. ती मागं वळून काही म्हणणार, तेवढ्यात चौघांनी तिला उचललं. विचारलं नाही. 'चला, घ्या ताईंना,' असं कुणीतरी म्हणालं, जसं मांडवात ताट आलं की म्हणतात. कमरेखाली तिला काही कळत नाही, त्यामुळे किती हात लागलेत ते तिला डोळ्यांनी मोजावं लागलं. एक पंजा तिच्या गुडघ्यावर होता आणि तो तिला फक्त दिसत होता. काखेत घातलेला हात मात्र कळत होता, घामट, आणि त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात तिच्या मानेवरचे केस अडकून ताणले जात होते. खुर्ची मागं कलली. वर आभाळ, मांडवाचं कापड, वायरींचा गुंता. आणि पोटात ते आलं, जे तिला नीट माहीत होतं. शिक्रापूरच्या चौकात, कंपनीची दुसरी शिफ्ट गाठायला निघालेली असताना, कंटेनरनं स्कूटीला मागून धडक दिली आणि रस्ता खालून निघून गेला, पण अजून परत आला नव्हता, तो मधला क्षण. त्या क्षणात ती पुन्हा लटकली होती, चार माणसांच्या हातांत, टाळ्या वाजत असताना. मग चाकं फरशीला टेकली. टेकली, पडली नाही. 'जरा बाजूला व्हा, ताईंना एकटीला येऊ द्या फोटोत,' कॅमेरावाला म्हणाला. चौघं बाजूला झाले. 'ताई, अंगठा!' आणि तिच्या तोंडावर हे पसरलं. मोबाइलमधल्या आपल्या चेहऱ्याकडं ती बघत राहिली. लोक याला आनंद म्हणत होते. आत्मविश्वास म्हणत होते. कुणीतरी फेसबुकवर लिहिलं होतं, हे हसू हजारोंना बळ देईल. आणि ते हसू नुसतं न पडल्याचं होतं. विहिरीत वाकून बघताना मागून कुणी धक्का दिल्यासारखं करून पुन्हा धरलं, की माणूस जसा हसतो, तसलं. त्या हसण्यावर हा माणूस केंदूरहून दोरीनं बांधून घेऊन आला होता.

तिनं तिथंच, त्याच्यासमोर, ऋतिका मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अपेक्षाताई! किती दिवसांनी! कशा आहात?"

"मॅडम, सुविधा भवनाचं हिरवं काढा. आणि माझा फोटो काढा."

पलीकडून समजुतीचा आवाज आला, जो तिला दवाखान्यापासून ओळखीचा होता. "ताई, काय झालं ते सांगाल का? कारण टेक्निकली तिथं रॅम्प आहे. आपल्या निकषात रॅम्प असेल तर ग्रीन येतं."

"कुलूप आहे त्याला."

"अच्छा. ते आपण नक्की फॉलोअप करू. तुम्ही ॲपवर तक्रार टाका ना, फोटोसकट. पुरावा लागतो ताई, नाहीतर कुणीही काहीही टाकेल."

"मी सांगतेय ना."

"तुम्ही सांगताय, पण तुमचाच फोटो आहे तिथं, चढल्याचा," ऋतिका म्हणाली, आणि त्यात खोचकपणा नव्हता. ती फक्त जे आहे ते सांगत होती. तेच अपेक्षाच्या जास्त जिव्हारी लागलं. तिच्या तोंडच्या शब्दाला तिचाच चेहरा आडवा येत होता.

फोन ठेवल्यावर ती म्हाळूला म्हणाली, "दादा, तुम्ही पायऱ्या चढत होता तेव्हा मेव्हण्यांनी काढला असेल ना एखादा फोटो?"

"काढला व्हता."

"तो द्या मला."

म्हाळूनं हात पुढं केला. "डिलीट करायला लावला मी. तुमचा काढला तसा आता माझा काढून लावायचा का? त्यांनी हसताना लावला, तुम्ही रांगताना लावा." त्यानं मोबाइल परत घेतला, खिशात घातला, चाकं वळवली. पिकअपपर्यंत जाताना तो मध्ये एकदा अडला, फरशी उचकटलेली होती, आणि मेव्हणा धावत येईपर्यंत तो स्वतःच झटक्यानं पार झाला. तिचे कान तापले होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेला दुकानाचा मालक सत्यजीत म्हणाला, "जाऊ दे गं. येडा हाय." आणि तिला पहिल्यांदाच सत्यजीतच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं, हाताशी असेल ते, पाण्याची बाटली, पक्कड, काहीही.

संध्याकाळपर्यंत ती कामच करत राहिली. घाम पुसला, डाग काढले, गर्दीतून एका माणसाला कापून दुसऱ्याशेजारी उभं केलं. पण डोकं तिथं नव्हतं. अपघाताआधीच्या, शिक्रापूरच्या खोलीत ती होती. चार मुलींची खोली, तिसरा मजला, जिना असा अरुंद की वर येणाऱ्यासाठी खाली जाणाऱ्यानं थांबायचं. त्या जिन्यावरून ती पाण्याचा जार घेऊन, फोनवर बोलत, चपला हातात घेऊन, रडत, सगळ्या तऱ्हेनं चढली होती आणि त्याला किती पायऱ्या आहेत हे तिला कधीच कळलं नव्हतं. खालच्या मजल्यावर एक म्हातारा दारात बसायचा. कायम दारातच. तो बाहेर का येत नाही असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. कुणालाच पडत नाही. त्याच्या दाराला पायरी होती, बस. एवढीशी, गावाकडं खुटबावच्या घराला होती तशी, रांगोळी काढायची. माणसाला आयुष्यभर आत ठेवायला तेवढी पुरते, आणि ती बांधणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. हेच तिला सहन होईना. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. उचलणाऱ्यांच्या नव्हतं, कॅमेरावाल्याच्या नव्हतं, ऋतिकाच्या तर नव्हतंच. सगळे चांगले होते आणि म्हाळूची पँट ओली झाली होती.

मग तिला आठवलं की उद्घाटनाच्या आभाराचा फ्लेक्स याच दुकानात झाला होता. तेव्हा ती तापानं घरी होती, सत्यजीतनंच केला होता. कॅमेरावाल्यानं पाठवलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर असणार. ते होते. तिनं एकेक उघडला. फीत, नारळ, सत्कार. आणि मग तो. तिला उचललेला. खुर्ची तिरपी, चौघांचे चेहरे कॅमेऱ्याकडं, त्यातले दोन हसरे, मागं रॅम्प, त्याचा चढ इतका स्पष्ट की कुठलीही टीप लागू नये. आणि मध्ये ती. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, ओढणी गळ्याला पीळ पडून मागं गेलेली, ड्रेस वर सरकलेला, आणि पोटावर बांधलेला पट्टा आणि त्याच्या कडेनं लघवीच्या नळीचा तुकडा दिसत होता, जो तिच्या आईशिवाय कुणी बघितला नव्हता. तिनं तो फोटो बंद केला. पुन्हा उघडला.

सत्यजीत मागं येऊन उभा होता. "हा टाकणारेस?" त्यानं विचारलं. "नको टाकू. यातले दोघं आपलं गिऱ्हाईक हायेत. सगळ्या सणाचं काम त्यांचं असतंय. त्यांची तोंडं दिसतायत."

"माझं पोट दिसतंय, सत्यजीतभाऊ. त्यांची फक्त तोंडं दिसतायत."

तिनं तो ॲपवर, त्या हिरव्या खुणेखाली टाकला. खाली लिहिलं, की वर गेले ती अशी गेले.

पुढचे दोन दिवस दुकानातला फोन सारखा वाजत राहिला. सत्यजीत बाहेर जाऊन बोलायचा, 'व्हय दादा, न्हाई दादा, तिला समजवतो दादा.' दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या टेबलाशी आला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "अपेक्षा, थोडे दिवस तू घरनंच काम कर. कॉम्प्युटर मी आणून देतो. तुला पण तेवढाच आराम."

तिला ते सगळं लख्ख दिसलं. घरी आणून दिलेला कॉम्प्युटर, आईनं हातात दिलेला चहा, खिडकी, आणि मग वर्षं. कुणी कोंडणार नव्हतं. नुसता आराम देणार होते. "या दुकानाला पायरी न्हाई," ती म्हणाली, "म्हणून मी इथं कामाला आले. तुम्ही चांगले म्हणून न्हाई आले. मला घरी बसवायचं असेल तर काढून टाकलं म्हणा. आराम म्हणू नका." तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचाच तिला संताप येत होता. सत्यजीत उभा राहिला, डोकं खाजवलं, आणि प्रिंटरकडं गेला. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली. तिच्या टेबलावर शाळेच्या गॅदरिंगचं काम ठेवलेलं होतं. नेत्यांचं काम आलंच नाही.

त्याच दिवशी ॲपवर निरोप आला. फोटो काढून टाकण्यात आला आहे. कारण, दिव्यांग व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधा. तिनं ते दोनदा वाचलं. वर बघितलं. हिरवी खूण तिथंच होती, आणि हसणारी ती तिथंच, अंगठा वर करून. तिनं ऋतिका मॅडमना फोन लावला, आणि या वेळी तिचा आवाज कापला नाही.

"मॅडम, प्रतिष्ठा कुणाची?"

"ताई, माझं ऐका," ऋतिका म्हणाली. "तो मीच काढून टाकला. मला तो बघवला नाही. तुमची ती अवस्था हजारो लोकांनी बघायची? उद्या तुम्हालाच वाईट वाटेल."

"तुम्हाला बघवला नाही म्हणून काढला."

"असं नाही..."

"असंच आहे. हसत होते तेव्हा तुम्ही विचारलं नाही, टाकू का म्हणून. तेव्हा माझी प्रतिष्ठा वाढत होती? मला उचललं, मला भीतीनं मरायला झालं, तुम्ही टाळ्या वाजवत खाली उभ्या होता मॅडम, फोटोत कडेला दिसताय तुम्ही. मग खाली ठेवल्यावर मी हसले, तेवढंच तुम्ही उचललं. आणि त्याच्यावर लिहिलं, सहज. सहज म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय का? एक माणूस ते वाचून आला. तो आता परत कधी घराबाहेर पडेल का, सांगा मला. त्याची कुठली खूण टाकणार तुम्ही?"

पलीकडं कुठंतरी पुण्यातल्या ऑफिसात कुणी हसत होतं, खुर्च्या सरकत होत्या. मग ऋतिका म्हणाली, आणि या वेळी तिचा तो समजुतीचा आवाज नव्हता, नुसती एक थकलेली पोरगी बोलत होती, "ताई, ते पहिलं ठिकाण आहे आपलं. रिपोर्टच्या कव्हरवर तुम्ही आहात. मी आज ग्रीन काढलं तर सगळेच विचारतील, बाकीचे किती खोटे." मग म्हणाली, "मी हसणारा फोटो काढून टाकते. खूण ग्रे करते, तपासणी सुरू आहे म्हणून. एवढं माझ्या हातात आहे."

"आणि माझं लिहिलेलं?"

"शब्द कुणी काढत नाही. शब्द राहतील."

खूण संध्याकाळी राखाडी झाली. तो रंग बघून तिला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. राखाडी म्हणजे कुणालाच माहीत नाही, आणि तिला तर माहीत होतं. तिनं खाली लिहिलं. 'रॅम्प खुर्चीनं चढता येत नाही. वरच्या जाळीला कुलूप असतं. संडासाच्या दारातून खुर्ची जात नाही. इथं जो फोटो होता त्यातली बाई मी. मला उचलून वर ठेवलं होतं. येण्याआधी मला फोन करा.' आणि आपला नंबर टाकला. आईनं ऐकलं तेव्हा ती नुसती 'अगं बाई' म्हणाली आणि भाकरी उलटायची राहून गेली.

पहिले फोन भलतेच आले. एकानं तिच्या धैर्याचं कौतुक केलं आणि मग लग्न झालंय का विचारलं. एकानं तिला सांगितलं की सरकारचं चांगलं काम असल्या बायकांना बघवत नाही. एकजण नुसता श्वास घेत राहिला. तिनं नंबर मिळवून केंदूरला म्हाळूला फोन केला, दोनदा. पुतणीनं उचलला, काका झोपलेत म्हणाली, दोन्ही वेळा. तिसऱ्यांदा तिनं फक्त एवढंच सांगितलं, की तुझ्या काकाला सांग, माझं हसू काढलंय तिथून.

मंगळवारी दुपारी ती जेवायला बसणार तेवढ्यात दौंडकडून एका बाईचा फोन आला. साळूबाई. आवाज म्हाताऱ्या बाईचा, मागं कोंबड्या. लेक तिशीची, जन्मापासून चालत नाही, आणि तपासणीला उद्याच बोलावलंय. "ते पोरांनी वाचून दावलं तुमचं. आवं, म्हंजी नेमकं कसं हाय तिथं? आजपतुर मीच उचलत आले तिला. आता माझ्यानं उचलवत न्हाई, बाई. आन् तिला पण आवडत न्हाई, कुणी परक्यानं हात लावलेला. वरडती. लोक म्हणत्यात, एवढं काय वरडायचं. मग येऊ का नको?"

येऊ नका, हे तिच्या ओठावर आलं. त्या एका शब्दासाठीच तर ती भांडली होती, की कुणी फसून येऊ नये. पण तो शब्द तोंडात आल्यावर तिला त्याची चव कळली. येऊ नका. हेच तर पायरी म्हणते, कुलूप म्हणतं, सत्यजीतचा आराम म्हणतो. सगळं खरं खरं लिहून झालं आणि त्याचा अर्थ एवढाच निघाला, की घरी बसा. तिनं ताट बाजूला सरकवलं.

"मावशी," ती म्हणाली, "किती वाजता बोलावलंय?"

"अकराला."

"या. मी दहालाच तिथं असेन. पण वर चढायला येऊ नका. आपण रॅम्पच्या तोंडाशी खाली बसायचं, अगदी मध्ये. कुणी उचलायला आलं तर मी आहे, कुणाला हात लावू देणार न्हाई. तिला ओरडायचं असेल तर ओरडू द्या."

"आन् तपासणी?"

"ते येतील खाली. साहेबांना पायऱ्या उतरता येतात."